मोटरहोमची जुनी बस घ्यायची आहे? आधी गाडीखाली शिरा

आमच्या अंगणात मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल असं घर केलेली बस, उभी आहे. ती पाहायला लोक येतात. पायरी चढून आत शिरतात, सोफ्यावर बसून पाहतात, न्हाणीचं दार उघडून डोकावतात आणि मग विचारतात, "केवढ्याला पडली?" गेल्या वर्षभरात त्यांतल्या तिघांनी अशीच वापरलेली बस घ्यायचं खरोखर मनावर घेतलं. एकाने तर मला न विचारताच इसार देऊन टाकला, आणि आता तो कागदांसाठी नागपूरच्या चकरा मारतोय. त्याला सांगायला हव्या होत्या त्या गोष्टी इथे लिहितोय.

पहिली बस पाहायला मी गेलो तेव्हा गावातल्या एका काकांना सोबत नेलं होतं. एसटीच्या डेपोत आयुष्यभर मेकॅनिक राहिलेला माणूस. नागपूरच्या बाहेर रिंगरोडला लागून एका यार्डात ती उभी होती. जुनी लक्झरी, आतून हॉटेलसारखी. विकणाऱ्याने एसी लावला, रंगीत दिवे लावले, टीव्ही सुरू केला. मी आत हरखून उभा आणि काका बाहेर गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलेले. मी हाक मारली तर खालूनच आवाज आला, "घर पाह्याले आला का बस पाह्याले?"

पाऊण तासाने ते बाहेर आले. तळहातावर गंजाचे पापुद्रे होते, आपण कांद्याची सालं हातात घेतो तसे. न्हाणीच्या बरोबर खाली चेसिसची, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याची, आडवी पट्टी इतकी खाल्लेली होती की पेचकस टोचला की आत जायचा. वरती चकचकीत टाइल्स आणि खाली हे. आम्ही चहा पिऊन निघून आलो.

तेव्हापासून मी क्रम उलटा ठेवतो. विकणारा दारापासून सोफ्यापर्यंत दाखवत नेतो. आपण कागदापासून सुरुवात करायची, मग गाडीच्या पोटाखाली जायचं, मग वीज-पाणी पाहायचं आणि सोफा अगदी शेवटी. सोफा गावातला सुतार पंधरा दिवसांत नवा करून देतो. कुजलेली चेसिस कोणी नवी करून देत नाही.

केवढी बस हवी, हे घरून ठरवून निघा

यार्डात उभं राहून ठरवायला गेलात तर मोठीच घ्याल. बारा मीटरची मागे इंजिन असलेली एअर सस्पेन्शनची (पाट्यांऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर बसणारी) बस पाहिली की आठ-नऊ मीटरची मिडी बस डोळ्यांत भरतच नाही. पण आपल्या गावचा रस्ता आठवा. पांदणीतून वळण घेताना बारा मीटरची गाडी दोन्हीकडचे धुरे खरवडते. मेळघाटात सेमाडोहकडे जाताना किंवा चिखलदऱ्याच्या घाटात समोरून एसटी आली तर मागे कोण घेणार? लांब गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो. नाल्यावरच्या रपट्यातून चढताना तो जमिनीला घासतो. माझी बस मधल्या आकाराची आहे, तरी पहिल्याच पावसाळ्यात एका रपट्यावर संडासाच्या टाकीचा पाइप तुटला. ती दुर्गंधी आणि ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर पाइप उचलून आत घेतला आणि त्यापुढे लोखंडी पट्टी बसवली. तुम्ही बस पाहाल तेव्हा मागे उकिडवे बसून टाकी आणि पाइप जमिनीपासून किती वर आहेत ते टेपने मोजा.

उंचीही मोजा. छतावर एसी, सोलर आणि सामानाची जाळी चढली की गाडी साडेतीन मीटरच्या पुढे सहज जाते. गावात घरगुती लाइनच्या तारा रस्त्यावर किती खाली झोळ खाऊन आलेल्या असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाभळीच्या आणि चिंचेच्या फांद्या वेगळ्याच.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. पुढे इंजिन असलेल्या साध्या टाटा, आयशर किंवा लेलँडच्या चेसिसचं काम आर्णी, पुसद, मूर्तिजापूर, कुठेही होतं. सामानही मिळतं. २००१ मध्ये आपल्याकडे व्होल्व्हो आली आणि नागपूर-पुण्याचा प्रवास पार बदलला. त्या गाड्या खरोखर आरामशीर आहेत. पण त्यांचा बिघाड कॉम्प्युटर लावून शोधावा लागतो आणि जाणता माणूस नागपूरलाच सापडतो. घाटंजीजवळ बंद पडलेली अशी गाडी नागपूरपर्यंत ओढून न्यायचा खर्च आधीच मनात धरा. कुटुंब चार माणसांचं आणि वर्षातून सात-आठ फेऱ्या, म्हणजे शेगाव, ताडोबा, लोणार, रामटेक, कधी पंढरपूर, एवढाच बेत असेल तर माझं स्पष्ट मत आहे : नऊ मीटरच्या वर जाऊ नका.

डिझेलचा हिशोबही इथेच करा. मोठी एसी बस लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते. नागपूरहून शेगावला जाऊन-येऊन सहाशे किलोमीटरच्या आसपास होतात, म्हणजे दीडशे लिटर. नव्वद रुपयांनी धरलं तरी साडेतेरा हजार, आणि टोल वेगळा.

लायसन्स विसरू नका. गाडीचं भरलेलं वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. त्यापुढे हेवीचं लागतं. मोठ्या बसचं वजन त्याच्या दुपटीच्या आसपास असतं. घरात कोणाकडे हेवी नसेल तर दर फेरीला ड्रायव्हर शोधावा लागेल, आणि कापसाच्या हंगामात चांगला ड्रायव्हर मिळत नाही.

आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, काय लिहिलंय

पन्नास टक्के गाड्या तुम्ही घरी बसून बाद करू शकता. विकणाऱ्याकडून फक्त नंबर घ्या आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर किंवा 'वाहन' नावाच्या संकेतस्थळावर टाका. वाहनाचा वर्ग, नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, कर, बँकेचा बोजा, सगळं दिसतं. ई-चालानही तिथेच तपासा. लांब पल्ल्यावर धावलेल्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांवर चालानांची माळ असते.

सगळ्यात आधी वाहनाचा वर्ग पाहा. आपल्याला हवा असतो "कॅम्पर व्हॅन, खासगी वापर". पुष्कळ वेळा निघतं काय, तर साधी "बस", आसनं पस्तीस-चाळीस. म्हणजे आतल्या सीटा काढून पलंग आणि स्वयंपाकघर बसवलं, पण सरकारदरबारी ती अजून प्रवासी बसच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना आरसीशी जुळणार नाही अशी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. मोटरहोम कशी बांधावी याचं आपल्या देशात वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. त्यानुसार बांधून, मंजुरी घेऊन नोंदवलेली गाडी वेगळी आणि कोण्या गॅरेजात सीटा उपटून केलेली वेगळी.

"आरटीओत होऊन जाते भाऊ, मी करून देतो," हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. उत्तर असं द्या : करून द्या, तुमच्या नावावर असतानाच करून द्या, नवी आरसी हातात आली की मी उरलेले पैसे मोजतो. ज्याला खरंच करता येतं तो तयार होतो. बाकीचे फोन उचलणं बंद करतात.

हा विषय मी ताणतोय, कारण अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच पाहते. कागदावर चाळीस आसनी बस आणि प्रत्यक्षात आत गॅसची शेगडी, असं असेल तर दावा लढवत बसावं लागतं. विमा बरोबर असला तरी आतल्या कामाची किंमत त्यात धरली आहे का ते विचारा. नाहीतर जळालेल्या बसचे तेवढेच मिळतात, जेवढे त्या मॉडेलच्या रिकाम्या बसचे होतात.

वयाचं पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि जुन्या मोठ्या गाड्यांचं ते शुल्क आता बरंच वाढलं आहे. गाडी वाहतुकीच्या वर्गात असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. चौदा वर्षांची बस "स्वस्तात" मिळत असेल तर ती का स्वस्त आहे, हे यातून कळेल.

बाहेरच्या राज्याची पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८, हवीच. महाराष्ट्रात बारा महिन्यांच्या वर ठेवायची म्हटल्यावर इथला नंबर घ्यावा लागतो आणि कर भरावा लागतो. हा कर किती बसेल ते दलालाला विचारू नका. आरसीची झेरॉक्स घेऊन आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत जा. यवतमाळचं एमएच-२९, वर्ध्याचं ३२, अकोल्याचं ३०, जे तुमचं असेल ते. खिडकीवर आकडा काढून घ्या आणि लिहून आणा. हा आकडा कधीकधी सौद्याची गंमतच संपवतो.

बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मागा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की छाप उमटते. ती आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा.

पोटाखाली

यासाठी माणूस सोबत न्या. कोण? तुमच्या तालुक्याच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक शोधा. या लोकांनी खराब रस्त्यावरच्या बसचा एकूणएक आजार पाहिलेला असतो, आणि विकणाऱ्याच्या गोड बोलण्याने ते विरघळत नाहीत. त्यांना दिवसाची मजुरी, जेवण आणि मान द्या.

सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका. बोनेटला हात लावून पाहा. गरम असेल तर थंड असताना स्टार्ट न घ्यायची तिची खोड लपवली आहे असं समजा. सुरू झाल्यावर धूर पाहा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. निळसर धूर थांबत नसेल तर इंजिन ऑइल पितंय. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण उघडा. तिथून भकाभका वाफेसारखा धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर गेले, म्हणजे इंजिनचं काम दाराशी आलं.

हवेचे ब्रेक असलेल्या बसला एक सोपी कसोटी आहे. काट्यावर पूर्ण हवा भरू द्या, इंजिन बंद करा आणि चहा प्या. दहा-पंधरा मिनिटांनी काटा बराच उतरला असेल तर कुठेतरी हवा जातेय. साबणाचं पाणी घेऊन जोडांवर लावा, फुगे आले की जागा सापडते. एअर सस्पेन्शन असेल तर आदल्या रात्री गाडी उभी केली तेव्हाची उंची आणि सकाळची उंची पाहा. एका बाजूला कललेली म्हैस बसावी तशी बसली असेल तर सस्पेन्शनचे रबरी फुगे फाटलेत. साध्या गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, पाहा. तुटलेला पाटा गंजाच्या रेघेवरून कळतो.

मग गंज. न्हाणी, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, एसीचं पाणी पडतं ती जागा, या चारही ठिकाणांच्या बरोबर खाली टॉर्च मारा. छोटी हातोडी घेऊन टिचक्या मारत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं धप्प वाजतं. काळा रंग ताजा मारलेला असेल तर तिथेच जास्त वाजवा. कोकण-मुंबईकडे राहिलेली गाडी खारट हवेने खालून लवकर खाल्ली जाते. आपल्याकडच्या कोरड्या हवेतली गाडी या बाबतीत बरी असते, पण आपल्याकडचं ऊन रबर, सील आणि प्लास्टिकच्या टाक्या तडकवून टाकतं. खिडक्यांची रबरं नखाने दाबा. भुगा पडला तर पावसात पाणी आत येणार.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका. अशा बस उभ्याच जास्त राहतात, टायर झिजत नाहीत, वाळतात. बाजूला बारीक भेगा आणि सहा-सात वर्षांचं वय असेल तर सहाही टायर नवे धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

चालवून पाहताना यार्डभोवती एक चक्कर मारून समाधान मानू नका. भर दुपारी एसी लावून किमान पन्नास किलोमीटर न्या, आणि त्यात चढ असू द्या. अमरावती रस्त्याने जात असाल तर तळेगावजवळचा सत्याग्रही घाट चांगला आहे. चढताना तापमानाचा काटा किती वर जातो आणि उतरल्यावर किती लवकर खाली येतो ते पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. डिसेंबरात घेतलेली आणि डिसेंबरातच चालवून पाहिलेली गाडी मेमध्ये उकळते. हिवाळ्यात घेत असाल तर रेडिएटरच्या जाळीकडे आणि कूलंटच्या रंगाकडे दुप्पट लक्ष द्या. गंजाळलेलं तांबूस पाणी दिसलं तर कोणीतरी वर्षभर नुसतं हापशाचं पाणी घातलंय.

आणखी एक तपासणी कोणीच करत नाही. परतताना एखाद्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी चढवा. टाकी भरून, सामानासकट. ग्रॅनाइटचा ओटा, प्लायची कपाटं, बॅटऱ्या, जनरेटर, तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो, असं करता करता वजन कुठल्या कुठे जातं. काट्याची पावती आरसीवरच्या एकूण वजनाशी जुळवा. एकदा पुढची चाकं आणि एकदा मागची चाकं चढवून वेगवेगळं वजनही घ्या.

मुंबईहून निघालेल्या शूटिंगच्या व्हॅनिटी व्हॅनही आपल्याकडे विकायला येतात. किलोमीटर कमी दिसतात, ते खरेही असू शकतात, पण ती गाडी सेटवर उभी राहायला बनवलेली असते. जनरेटर मात्र रात्रंदिवस चाललेला. त्याचे किती तास झालेत ते मीटरवर पाहा आणि कपाटांची दारं धक्क्यात उघडतात का ते चालत्या गाडीत बसून पाहा.

वीज, पाणी, गॅस, दारं

विकणारा म्हणतो, "रात्रभर एसी चालते बॅटरीवर." हिशोब मांडू या. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी थंड झाल्यावरही तासाला एक युनिटच्या आसपास खातो. बसची भिंत म्हणजे पत्रा आणि काच, ती दिवसभर तापलेली. मेमधली रात्र आठ तासांची धरली तर आठ-दहा युनिट लागतात. २४ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी साधारण पाच युनिट देते. घरच्या इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या असतील तर त्यांतून, त्यांचं आयुष्य राखून, दोन युनिटही मिळत नाहीत. छतावर दोन किलोवॅटचं सोलर असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला आठ युनिट येतात, पण त्यातच फ्रिज आणि पंखेही चालतात. म्हणून विश्वास ठेवायचा तो घड्याळावर. बॅटरी भरू द्या, बाहेरची वायर काढा, इंजिन बंद ठेवा, एसी लावा आणि किती वाजता बंद पडतो ते लिहून ठेवा. यासाठी एक रात्र त्या बसमध्ये झोपायला मागा. मी मागितली होती. पहाटेच्या आधीच, सव्वाएक वाजता एसी बंद पडला आणि किंमत सकाळी खाली आली.

एखादं पॅनेल उघडून वायरिंग पाहा. घरात वापरतो ती एका जाड तारेची वायर चालत्या गाडीत हादऱ्याने तुटते. इथे अनेक बारीक तारांचीच वायर हवी. पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड दिसले तर सगळं वायरिंग नवं करायचं धरून चला. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असलाच पाहिजे.

गावात बाहेरून वीज घेताना दोन गोष्टी. संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं, तेव्हा चार्जर चालू राहतो का ते विचारा, नाहीतर स्टॅबिलायझर घ्या. दुसरी गोष्ट जिवाची आहे. बस रबरी टायरवर उभी असते. आत कुठे फेज पत्र्याला टेकला तर अख्खी बस करंट मारते, आणि ओल्या अंगणात अनवाणी उभा राहून दाराला हात लावणारा पहिला माणूस सापडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे का ते पाहा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघा. जमिनीत सळई ठोकून अर्थिंग द्या. शेतपंपाच्या मीटरवरून एसी चालवू नका. ते नियमात बसत नाही.

जनरेटरचा धूर खिडकीखाली सुटत असेल तर ती गाडी घेण्याआधी नळी बदलून घ्या. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता झोपेत मारतो. त्याचा अलार्म पलंगाजवळ लावा. गॅसगळतीचा अलार्म मात्र जमिनीलगत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. शक्य असेल तर बसमध्ये इंडक्शनच ठेवा.

पाण्याची टाकी रिकामी करून आत हात घाला. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहिलेली गाडी असेल तर गीझरचा रॉड, पंप आणि नळाच्या जाळ्या पांढऱ्या खड्याने भरलेल्या सापडतील. संडासाची टाकी कुठे रिकामी करणार ते आधी ठरवा. घरचा सेप्टिक टँक असेल तर प्रश्न सुटला. नाल्यात किंवा शेतात ती सोडायची नसते. त्याच नाल्यालगत कोणाची तरी विहीर असते.

आता दारांबद्दल, आणि इथे मी घाई करणार नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात यवतमाळहून मुंबईला निघालेली बस नाशिकजवळ अपघातानंतर जळाली, त्यात १२ गेले. आपल्या भागातलीच माणसं होती. बसचं घर करताना पहिला बळी कोणाचा जातो, तर आपत्कालीन खिडकीचा. तिच्यासमोर कपाट येतं, पलंगाचं डोकं येतं, किंवा नुसतं प्लायवूड ठोकलेलं असतं. तुम्ही पाहत असलेली बस दाराच्या बाजूवर आडवी पडली आहे अशी कल्पना करा. आता बाहेर कुठून पडाल? मागची काच, छताची झडप, उजवीकडची खिडकी, यांपैकी दोन रस्ते तरी हाताने उघडून पाहा. घरातल्या आजीला आणि दहा वर्षांच्या पोराला उघडायला लावा. उघडलं नाही तर आधी ते काम, मग सौदा.

इसार आणि व्यवहार

इसार थोडाच द्या आणि इसारपावतीत तीन ओळी लिहून घ्या : आरसीवर अमुक वर्ग असेल, बोजा आणि चालान विकणारा मिटवेल, अमुक तारखेपर्यंत ना हरकत न मिळाल्यास इसार परत. उरलेली रक्कम खात्यावरच. रोख मागणाऱ्याचा मोह टाळा.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या एकाच बैठकीत घ्या. नावावर करून घ्यायला घेणाऱ्याला ३० दिवस असतात, विमा आपल्या नावावर करायला १४. "सह्या करून ठेवल्यात, सावकाश करा," असं म्हणणाऱ्याचं ऐकून गाडी वर्षभर दुसऱ्याच्या नावावर चालवू नका. मधला मालक असेल, म्हणजे आरसीवर एक नाव आणि विकणारा दुसराच, तर आरसीवरच्या माणसाला समोर बसवल्याशिवाय पैसे देऊ नका. फास्टॅगही नव्या नावावर आणि बरोबर वर्गाचा घ्या.

गावात आणल्यावर

काळ्या मातीत उभी करू नका. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी वाटते आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की बारा-चौदा टनांची गाडी धुरीपर्यंत रुतते. ट्रॅक्टरनेही निघत नाही, जेसीबी बोलवावं लागतं. आधी दीड-दोन फूट मुरूम भरून, रोलर फिरवून जागा करा, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. वर पत्र्याचं शेड झालं तर उत्तम, निदान पश्चिमेच्या उन्हाला आड येईल असं काही.

उंदीर वायर कुरतडतात. बस धान्याच्या कोठ्याजवळ लावू नका, आणि खालचं प्रत्येक भोक, पाइप आत जातात त्या फटी, जाळी ठोकून बंद करा. महिन्यातून दोनदा गाडी सुरू करून वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा. जागेवर नुसती घुरघुरत ठेवण्याने बॅटरी आणि टायर दोन्ही जगत नाहीत.

पहिली लांब फेरी लगेच काढू नका. पहिल्या आठवड्यात घरच्यांना घेऊन दोन रात्री अंगणातच बसमध्ये राहा. स्वयंपाक तिथेच, आंघोळ तिथेच, बाहेरची वायर काढून. कुठला नळ गळतो, कुठला पंखा खडखडतो, आईला वरच्या पलंगावर चढता येतं का, रात्री संडासाला उठणारा अंधारात कशाला अडखळतो, हे सगळं घराच्या पायरीपासून दहा पावलांवर कळतं. वही घेऊन बसा. आमच्या वहीत त्या दोन रात्रींत एकतीस कामं निघाली होती, त्यातलं पहिलं काम पोरीने सांगितलं : आपत्कालीन खिडकीची कडी तिच्या हाताला पोचत नव्हती.